किनाऱ्यापासून दूर प्रवाळ-मत्स्यालय : कर्जत-खालापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

खाऱ्या पाण्याचे प्रवाळ-मत्स्यालय हा केवळ शोभेचा छंद नसून रसायनशास्त्र, जीवशास्त्र व कायदा या तिन्ही क्षेत्रांची जाण मागणारा अभ्यास आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कर्जत व खालापूर तालुक्यांत असे मत्स्यालय चालविताना पाणी, उष्णता व वीज या तीन बाबी निर्णायक ठरतात. भारतात प्रवाळांना मिळालेल्या कायदेशीर संरक्षणामुळे या छंदाचे स्वरूपही इतर देशांपेक्षा वेगळे राहते. प्रस्तुत लेखात या बाबींचे विवेचन करून छंदमंडळ व महाविद्यालय यांची भूमिका स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : प्रवाळ, कृत्रिम समुद्रजल, जैविक गाळणी, वन्यजीव संरक्षण, छंदमंडळ.

प्रस्तावना

रायगड जिल्हा म्हटला की अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन यांचे किनारे डोळ्यांसमोर येतात. तथापि याच जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे तालुके समुद्राला पारखे आहेत. उल्हास व पाताळगंगा या नद्यांची खोरी, माथेरानचा डोंगर, भातशेती व मुसळधार पाऊस ही त्यांची ओळख होय. कर्जत हे मुंबईपासून रेल्वेने सुमारे १०० किलोमीटर अंतरावर असल्याने मुंबईतील क्रॉफर्ड मार्केटसारख्या बाजारातून प्राणवायू भरलेल्या पिशवीतून मासे आणणे येथील हौशी माणसास अशक्य नाही. मासा घरी आणणे सोपे आहे. त्याचा समुद्र घरी आणणे मात्र अवघड आहे. या अवघडपणाचे स्वरूप समजून न घेता आरंभ केल्यास पहिल्या काही आठवड्यांतच जीव दगावतात, आणि त्याची किंमत छंदिष्टाच्या खिशापेक्षा समुद्रातून पकडलेल्या प्राण्याला अधिक मोजावी लागते. म्हणूनच या विषयाचा शास्त्रीय अंगाने विचार होणे आवश्यक आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले व पुढील वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या ग्रंथाने ‘ॲक्वेरियम’ हा शब्द रूढ केला. प्रवाळ जिवंत राखण्याची युक्ती मात्र शंभर वर्षे सापडली नव्हती. जकार्ता येथील ली चिन एंग यांनी समुद्रातील जिवंत खडक, हवेचे बुडबुडे व सूर्यप्रकाश एवढ्यावर चालणारी नैसर्गिक पद्धत १९६१ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे बर्लिनमधील छंदिष्टांनी जिवंत खडकाला फेस काढणाऱ्या यंत्राची, म्हणजे प्रोटीन स्किमरची, आणि प्रखर दिव्यांची जोड दिली. ही पद्धत आज ‘बर्लिन पद्धत’ म्हणून ओळखली जाते. या प्रगतीचा मोठा वाटा प्रयोगशाळांपेक्षा छंदमंडळांकडे जातो, ही बाब लक्षणीय आहे. डीट्रिख श्ट्यूबर यांनी बर्लिनमध्ये वाढविलेल्या ॲक्रोपोरा प्रवाळाचे तुकडे हातोहाती असंख्य घरांत पोहोचले.

महाराष्ट्रात या विषयाची सार्वजनिक ओळख तारापोरवाला मत्स्यालयाने करून दिली. डी. बी. तारापोरवाला यांच्या देणगीतून मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर उभ्या राहिलेल्या या मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. नूतनीकरणानंतर २०१५ मध्ये ते पुन्हा खुले झाले व २०२०च्या टाळेबंदीत बंद झाले. दरम्यानच्या अनेक पिढ्यांनी समुद्री मासा जिवंत पाहिला तो येथेच.

पाण्याची घडण

एक किलोग्रॅम समुद्रजलात साधारणतः ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी क्लोराइड सुमारे १९.४, सोडियम १०.८, सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३ आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी ०.४ ग्रॅम भरतात. पेण-उरणच्या मिठागरांचे सान्निध्य असताना बाजारचे मीठ पाण्यात विरघळवून समुद्र का तयार करता येत नाही, असा प्रश्न स्वाभाविकपणे विचारला जातो. त्याचे उत्तर मिठागराच्या कार्यपद्धतीतच आहे. पाणी आटत असताना प्रथम कॅल्शियमचे क्षार खाली बसतात, त्यानंतर मीठ बसते, आणि मॅग्नेशियम व पोटॅशियम उरलेल्या कडू पाण्यात राहतात. म्हणजे मिठागर समुद्राचे घटक वेगळे करते. मत्स्यालयास हवे असतात ते सर्व घटक एकत्र व मूळ प्रमाणात. त्यामुळे खास मत्स्यालयासाठी तयार केलेले क्षारमिश्रण वापरणे अपरिहार्य ठरते. १०० लिटर पाण्यास ते सुमारे साडेतीन ते चार किलोग्रॅम लागते.

हे मिश्रण ज्या पाण्यात विरघळवावयाचे ते क्षाररहित असावे लागते. विहिरीचे किंवा नळाचे पाणी नायट्रेट, फॉस्फेट वा क्लोरीन यांमुळे त्रासदायक ठरू शकते. त्यासाठी आर.ओ. यंत्र वापरले जाते. परंतु घरगुती यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे त्याहून अधिक पाणी वाया घालविते. पावसाळ्यात दुथडी वाहणाऱ्या या तालुक्यांतील अनेक वाड्या-पाड्यांना उन्हाळ्यात पाणीटंचाई सोसावी लागते, हे ध्यानात घेतल्यास ही नासाडी नैतिकदृष्ट्याही खटकते. यावर परिसरानेच उपाय दिलेला आहे. दहा चौरस मीटरच्या स्वच्छ छतावर १०० मिलिमीटर पाऊस झाल्यास १,००० लिटर पाणी मिळते. १०० लिटरच्या टाकीत दर आठवड्याला १० लिटर पाणी बदलले व रोज दीड लिटर बाष्पीभवन भरून काढले, तर वर्षाची गरज साधारण तेवढीच होते. पहिल्या काही सरी वाहून जाऊ देऊन नंतरचे पाणी झाकलेल्या टाकीत साठविले व वापरण्यापूर्वी तपासले, तर आर.ओ. यंत्रावरील भार बराच कमी होतो.

येथे एक नियम कटाक्षाने पाळावा लागतो. बाष्पीभवनाने केवळ पाणी जाते, क्षार राहतात. म्हणून घटलेली पातळी गोड्या पाण्यानेच भरावयाची असते. खारे पाणी ओतत राहिल्यास काही आठवड्यांतच क्षारता घातक पातळीवर पोहोचते. तसेच बदललेले खारे पाणी शेतात, ओढ्यात वा कुंडीत ओतणे सर्वस्वी अयोग्य होय; दहा लिटर पाण्यात सुमारे ३५० ग्रॅम क्षार असतात, आणि भाताचे रोप क्षारास नाजूक असते.

जैविक गाळणी

माशांच्या उत्सर्जनातून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये व अन्य जिवाणू नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. सच्छिद्र खडकाच्या प्राणवायूरहित अंतर्भागातील जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात व चक्र पूर्ण होते. हे जिवाणू स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकी रिकामी दिसत असली तरी तिच्यात सर्वांत महत्त्वाचे काम चालू असते. गोड्या पाण्यातील मासे पाळण्याचा अनुभव येथे फसवा ठरतो. समुद्रजलाचा सामू सुमारे ८.२ असतो, आणि सामू ७ असताना अमोनियाचा जेवढा अंश विषारी स्वरूपात असतो त्याच्या दहापटींहून अधिक अंश या सामूस विषारी स्वरूपात राहतो. नव्या टाकीत मासे सोडण्याची घाई म्हणूनच जीवघेणी ठरते.

कॅल्शियम व क्षारीयता टिकविण्यासाठी चुन्याची निवळी थेंबाथेंबाने, शक्यतो रात्री, सोडण्याची पद्धत आहे. सांगाडा व कवच बांधणारे जीव कॅल्शियम आणि बायकार्बोनेट ज्या प्रमाणात वापरतात, त्याच प्रमाणात निवळी त्यांची भरपाई करते. निवळी अतिशय दाहक असल्याने ती एकदम ओतू नये व तिच्यासाठी शुद्ध चुनाच वापरावा.

उष्णता, पाऊस आणि वीज

प्रवाळ-मत्स्यालयाचे तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत कर्जतचा पारा ४० अंशांकडे झुकतो. अशा वेळी पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा झोत सोडणे हा स्वस्त उपाय उपयोगी पडतो. एक लिटर पाण्याचे बाष्प होताना जेवढी उष्णता शोषली जाते, ती १०० लिटर पाण्याचे तापमान सुमारे पावणेसहा अंशांनी उतरविण्यास पुरेशी असते. बाहेरून उष्णता येतच राहत असल्याने प्रत्यक्षात दोन-तीन अंशांचाच लाभ पदरात पडतो. उन्हाळी दुपारच्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो. पावसाळ्यात हवा बाष्पाने भरलेली असल्याने तोच पंखा निरुपयोगी होतो. तेव्हा दिव्यांचा कालावधी कमी करणे वा शीतयंत्र लावणे एवढेच पर्याय उरतात.

उष्णतेचे महत्त्व केवळ टाकीपुरते नाही. प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले त्याला अन्न पुरवितात. तापमान सहनशक्तीपलीकडे गेल्यास ही भागीदारी तुटते व प्रवाळ पांढरे पडते. यालाच विरंजन म्हणतात. १९९८ मध्ये जगभरात मोठे विरंजन झाले. एप्रिल २०२४ मध्ये चौथे जागतिक विरंजन जाहीर झाले व त्याच वर्षी लक्षद्वीपचे प्रवाळही त्यात सापडले. दिवाणखान्यातील टाकीत दोन अंशांनी काय बिघडते हे ज्याने पाहिले आहे, त्यास समुद्राचे तापणे ही दूरची वार्ता वाटत नाही.

खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ पासून मुंबईला वीज गेली. मात्र आजूबाजूच्या गावांत वादळवाऱ्यात वीजपुरवठा खंडित होणे हा नित्याचा अनुभव आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा जिल्ह्याच्या अनेक भागांत कित्येक दिवस वीज नव्हती. पंप थांबला की पाण्यात प्राणवायू मिसळणे थांबते. २५ अंश तापमानास गोडे पाणी लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू धरू शकते, तर समुद्रजल केवळ ६.८ मिलिग्रॅमच्या आसपास. त्यामुळे खाऱ्या टाकीत संकट लवकर ओढवते. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हा येथे सर्वांत आधी घ्यावयाचा जिन्नस होय.

कायद्याची चौकट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत जुलै २००१ मध्ये सर्व खडक-बांधणारी (कठीण) प्रवाळे, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळे व समुद्रपंखे यांचा समावेश झाला. समुद्रघोडे, समुद्रकाकड्या व महाकाय शिंपल्यांच्या काही जातीही संरक्षित झाल्या. सांगाड्याचा तुकडाही या संरक्षणातून सुटत नाही. म्हणून परदेशी पुस्तकांत सर्रास सुचविलेला ‘जिवंत खडक’ आपल्या किनाऱ्यावरून उचलणे कायद्यात बसत नाही. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यासंबंधीच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. दुकानदाराने ‘माल आयात केलेला आहे’ असे सांगितल्याने बाळगणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय व्यापार-नियमनाच्या यादीतील जिवंत प्राण्यांची नोंदणीही बंधनकारक झाली असून तिचे नियम २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

या संरक्षणाचे गांभीर्य एका उदाहरणावरून ध्यानात येते. मुंबई किनारा रस्त्याच्या कामात वरळी व हाजी अली येथे प्रवाळ वसाहती आढळल्या, तेव्हा २०२० मध्ये महानगरपालिकेस रीतसर परवानगी घेऊन, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांच्या मदतीने त्या अन्यत्र हलवाव्या लागल्या. जे महानगरपालिकेस परवानगीविना करता येत नाही, ते एखाद्या घरास कसे करता येईल?

मग शिल्लक काय राहते, असा प्रश्न उरतो. पोकळ वाटणारे हे क्षेत्र प्रत्यक्षात बरेच विस्तृत आहे. भाजलेल्या मातीचे वा सिमेंटचे सच्छिद्र कृत्रिम खडक, त्यांवर रुजविलेले जिवाणू, आणि पैदास केलेले विदूषक मासे यांतून सुंदर व निर्दोष मत्स्यालय उभे राहते. विदूषक मासा टाकीत सहज अंडी घालतो; पिल्ले सुमारे आठवड्याभरात बाहेर येतात व त्यांना प्रारंभी रोटिफर हे सूक्ष्म खाद्य द्यावे लागते. भारतात केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने हे तंत्र विकसित केले आहे. महाराष्ट्रात कांदळवन प्रतिष्ठान व राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो यांनी ऐरोली येथे अशा माशांच्या पैदाशीचा उपक्रम हाती घेतला व महिला गटांना त्यात सामावून घेतले. समुद्रातून पकडलेल्या माशाऐवजी असा मासा घेणे हा छंदिष्टाच्या हातातील सर्वांत परिणामकारक निर्णय होय.

छंदमंडळाचे प्रयोजन

एकाकी छंदिष्ट बहुधा दुकानदाराच्या सल्ल्यावर विसंबतो, आणि दुकानदाराचे हित विक्रीत असते. मंडळ ही उणीव भरून काढते. क्षारमिश्रण एकत्रित मागविणे, महागडी चाचणी-साधने सामायिक ठेवणे, जुन्या टाकीतील जिवाणूयुक्त खडकाचा तुकडा नव्या सभासदास देणे, वीज गेल्यास जनित्र असलेल्या घरी मासे तात्पुरते हलविणे, ही कामे चार घरे मिळूनच होतात. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० अन्वये सात व्यक्ती एकत्र येऊन संस्था स्थापन करू शकतात. तथापि नोंदणीपेक्षा आचारसंहिता अधिक महत्त्वाची आहे : संरक्षित जीव बाळगावयाचा नाही, मासा कोठून आला हे विचारल्याविना घ्यावयाचा नाही, कोणताही जीव उल्हास वा पाताळगंगेत सोडावयाचा नाही, आणि मेलेल्या माशाची नोंद लपवावयाची नाही. शेवटचा नियम सर्वांत कठीण व सर्वांत उपयुक्त आहे. कारण अपयशाच्या प्रामाणिक नोंदींतूनच मंडळाचे ज्ञान वाढते.

महाविद्यालयांची भूमिका

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अध्यापनातील विच्छेदन थांबविण्याचे निर्देश दिले. त्यानंतर जिवंत प्राण्याचे निरीक्षण हा अध्यापनाचा पर्याय अधिक अर्थपूर्ण झाला आहे. एका टाकीच्या आधारे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास अनुमापन, सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यास नायट्रोजन चक्र, भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यास बाष्पीभवनाची उष्णता व वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास खर्चाचा हिशेब शिकविता येतो. मात्र सुट्टीत टाकीची देखभाल कोण करणार, हे ठरल्याविना असा उपक्रम हाती घेऊ नये. येथे स्थानिक मंडळ व महाविद्यालय परस्परांस पूरक ठरू शकतात.

निष्कर्ष

किनाऱ्यापासून दूर समुद्र सांभाळणे शक्य आहे. परंतु ते पैशापेक्षा संयमावर अवलंबून आहे. पावसाचे पाणी, कोरड्या हवेतील पंखा व चुन्याची निवळी यांसारखी साधी साधने कर्जत-खालापूर परिसरात हाताशी आहेत. कायद्याने प्रवाळास दिलेले संरक्षण हा छंदातील अडथळा न मानता त्याची दिशा मानणे इष्ट होय. ज्या टाकीसाठी समुद्रातून काहीही ओरबाडलेले नाही, तीच टाकी समुद्राविषयीची आस्था खऱ्या अर्थाने वाढवू शकते.