मध्य-एंजिन मोटारगाडीचे घसरचालन

वळणावर मोटारगाडीची मागील चाके हेतुतः घसरू देऊन, पुढील चाके घसरणीच्या दिशेला वळवून व एंजिनाची शक्ती कमीजास्त करून गाडी तिरक्या स्थितीत ताब्यात ठेवण्याच्या क्रियेला घसरचालन किंवा ड्रिफ्टिंग असे म्हणतात. ज्या गाडीचे एंजिन चालकाच्या पाठीमागे परंतु मागील आसाच्या पुढे बसविलेले असते, तिला मध्य-एंजिन मोटारगाडी म्हणतात. अशा गाडीत घसरण एकाएकी वाढते व सावरण्यास वेळ कमी मिळतो. म्हणून हे तंत्र गाडीची हानी न होता शिकावयाचे, तर सराव कोणत्या पृष्ठभागावर व किती वेगाने करावा याची निवड हस्तकौशल्याइतकीच महत्त्वाची ठरते.

इतिहास : जर्मनीतील आउटो युनियन कंपनीच्या १९३४–३९ या काळातील शर्यतीच्या गाड्यांत एंजिन चालकाच्या मागे होते. त्या ताब्यात ठेवण्यास अवघड मानल्या जात. मोटारसायकलींच्या शर्यतींतून आलेल्या बेर्न्ट रोझेमायर याने त्यांवर प्रभुत्व मिळविले. १९५९ मध्ये जॅक ब्रॅबम याने कूपर या मध्य-एंजिन गाडीतून जागतिक अजिंक्यपद पटकाविले आणि पुढील काही वर्षांत ही रचना त्या शर्यतींत सार्वत्रिक झाली. रस्त्यावरील गाड्यांत १९६६ मधील लांबोर्गिनी म्यूरा व १९८४ मधील टोयोटा एमआर-२ या गाड्या प्रसिद्ध आहेत. एमआर-२ च्या १९८९ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीची मागील बाजू अचानक सुटते, अशी तिची ख्याती झाली व पुढे तिच्या सस्पेन्शनमध्ये आणि टायरांमध्ये बदल करण्यात आले. स्वतंत्र क्रीडाप्रकार म्हणून घसरचालनाचा विकास जपानमध्ये झाला. कुनिमित्सू ताकाहाशी याने १९७० नंतर शर्यतींत वापरलेली शैली केइची त्सुचिया याने लोकप्रिय केली.

महाराष्ट्रातील डीसी डिझाइन या संस्थेने २०१२ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात ‘अवंती’ ही मध्य-एंजिन गाडी मांडली. टाटा मोटर्सने २०१७ मध्ये जिनीव्हा येथे ‘रेसमो’ ही त्याच रचनेची गाडी दाखविली; तथापि तिचे उत्पादन झाले नाही.

यामिकी : एंजिन, दंतचक्रपेटी व चालक हे जड भाग गाडीच्या मध्याजवळ असल्यामुळे उभ्या अक्षाभोवतीचे तिचे निरूढी परिबल कमी असते. त्यामुळे ती वळणात तत्परतेने शिरते. पण घसरू लागली की तितक्याच तत्परतेने फिरते. शिवाय एकूण वजनापैकी सु. ५५ ते ६० टक्के भार मागील चाकांवर असतो. वळणावर मागील भागाचे टायर सुटले की हे वजन बाहेरच्या बाजूस ओढले जाते.

घसरण जाणवताच नवशिका चालक ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम उचलतो. त्यासरशी भार पुढील चाकांकडे सरकतो, मागील चाकांची पकड आणखी घटते व गाडी गिरकी घेते. घाबरून सुकाणू चाक गरजेपेक्षा अधिक उलट फिरविले आणि ते वेळीच सरळ केले नाही, तर मागील टायरांना पकड पुन्हा मिळताच गाडी विरुद्ध दिशेला फेकली जाते. बहुतेक अपघात या दोन चुकांतून उद्‌भवतात.

शिकण्याची पद्धत : सरावासाठी बंदिस्त, सपाट, कठडे व खांब नसलेले आणि पाण्याने भिजविलेले डांबरी अथवा काँक्रीटचे मैदान निवडतात. पाण्याचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १५ मी. त्रिज्येच्या वर्तुळावर घर्षण गुणांक ०·८ असताना (कोरडे डांबर) टायर ताशी सु. ३९ किमी. वेगाला सुटतात. हाच गुणांक ०·४ असताना (ओला, गुळगुळीत पृष्ठभाग) तो वेग ताशी सु. २८ किमी. होतो. म्हणजे गाडीची गतिज ऊर्जा निम्मी राहते. टायर, आस व दंतचक्रे यांवर येणारा भारही त्याच प्रमाणात घटतो.

प्रथम शंकूंभोवती एकसमान वेगाने वर्तुळे घेऊन टायर सुटण्याच्या सीमेची ओळख करून घेतात. या अवस्थेत इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण चालू ठेवणे इष्ट असते. ते नंतर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली बंद करतात व दुसऱ्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर हळूहळू दाबून मागील चाके किंचित सुटू देतात. नजर जावयाच्या दिशेवर खिळलेली असावी. पुढील चाकांच्या रचनेमुळे सुकाणू चाक आपोआप घसरणीच्या दिशेला फिरू पाहते; त्याला अडवू नये, हातांतून सरकू द्यावे. ॲक्सिलरेटर एकदम सोडू नये, थोडाथोडा कमी करावा. गाडी सावरत नाही असे दिसताच क्लच व ब्रेक दोन्ही पूर्ण दाबावेत. अन्यथा गियर लागलेला असताना गाडी मागे जाऊ लागल्यास एंजिन उलटे फिरून त्याची हानी होऊ शकते.

यंत्रभागांचे रक्षण : क्लच झटक्याने सोडून घसरण सुरू करण्याची रीत नवशिक्याने वापरू नये, कारण तो आघात थेट डिफरन्शियल व आसांवर येतो. साध्या डिफरन्शियलमध्ये आतील बाजूचे चाक एकटेच फिरत राहते व आतील लहान दंतचक्रे तापतात. म्हणून मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल असलेली गाडी अधिक सोयीची असते. दीर्घकाळ एकाच बाजूस वळत राहिल्याने तेल तळपात्राच्या एका कडेला जाऊन पंपाला अपुरे पडण्याचा संभव असतो. यासाठी तेलाची पातळी तपासून घेतात व आवर्तने दोन्ही दिशांनी आणि थोडा वेळच करतात. मंद वेगात बंदिस्त एंजिन-कक्षात हवा कमी खेळते. त्यामुळे दोन आवर्तनांमध्ये गाडी थंड होऊ देणे आवश्यक असते.

सार्वजनिक रस्ता व कायदा : भारतात १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमातील कलम १८४ (धोकादायक वाहनचालन) व कलम १८९ (सार्वजनिक जागी विनापरवाना शर्यत वा वेगाची चाचणी) यांनुसार रस्त्यावरील असे प्रयोग शिक्षापात्र ठरू शकतात. रायगड जिल्ह्यातील पाली (ता. सुधागड) येथून जाणारा खोपोली–पाली–वाकण रस्ता मुंबई–पुणे व मुंबई–गोवा या मार्गांना जोडतो. अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांची वाहने, एस.टी. गाड्या व पादचारी यांचा त्यावर राबता असतो. कोकणात पहिल्या पावसात रस्त्यावरील तेल व धूळ पाण्यात मिसळून निसरडा थर तयार होतो आणि मंद वेगातील गाडीही घसरू शकते. अशा रस्त्यावर घसरण मुद्दाम घडवून आणण्यास जागा नाही. तेथे उपयोगी पडतो तो या विद्येचा दुसरा अर्धा भाग : नकळत सुरू झालेली घसरण ओळखणे, पाय एकदम न उचलणे व गाडी शांतपणे सरळ करणे. तो भाग बंद मैदानावर, ओल्या जमिनीवर व अल्प वेगातच हस्तगत होतो.