विश्वकोशाचा तराजू आणि एन्रॉन

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. वीजनिर्मितीवरच्या सेमिनारसाठी माझ्या दोन रूम-पार्टनर्सनी ठरवलं की, एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पावर मराठी विकिपीडियात शोभेल अशी छोटी नोंद लिहायची. मेसची शेवभाजी खाऊन दोघे बसले आणि दहाच्या सुमारास कडाक्याचं भांडण! "तू काय कंपनीचा वकील आहेस का रे भो?" "आणि तू मोर्चातला पुढारी!" शेवटी पंच म्हणून मला उठवलं.

पहिल्याची नोंद अशी होती: "राज्याला विजेची गरज होती. एन्रॉन, जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल या अमेरिकन कंपन्यांनी गुहागर तालुक्यात मोठी गुंतवणूक आणली. १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. २००१ मध्ये वीज मंडळाने बिले थकवली व प्रकल्प बंद पडला."

दुसऱ्याची अशी: "स्पर्धात्मक निविदा न मागवता करार झाला. १९९३ मध्ये जागतिक बँकेने अर्थसाहाय्य नाकारले. १९९५ मध्ये युती सरकारने करार रद्द केला. आंदोलकांवरील पोलिसी अत्याचारांबद्दल ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ मध्ये अहवाल काढला. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉनचे दिवाळे निघाले."

मित्रांनो, गंमत बघा. दोन्ही नोंदींत एकही वाक्य खोटं नाही, तरी दोन्ही पक्षपाती आहेत! मंडळाला बिलं का झेपेनात हे पहिली नोंद सांगतच नाही. करार रद्द करणाऱ्या त्याच सरकारने १९९६ मध्ये फेरवाटाघाटी करून प्रकल्प पुन्हा मंजूर केला, हे दुसरी गाळते. शिवाय ती वाचून वाटतं की कंपनी बुडाली म्हणून प्रकल्प थांबला. प्रत्यक्षात बिलांच्या वादातून वीजनिर्मिती दिवाळखोरीच्या कितीतरी महिने आधीच बंद पडली होती. म्हणजे खोटं न बोलताही, काय गाळलं आणि काय कशाच्या शेजारी ठेवलं, एवढ्यावरून वाचकाची दिशाभूल होते.

सर्वांत जास्त वाद झाला तो दरावर. इथे आपलं इंजिनिअरिंग कामाला येतं. करारात क्षमतेपोटी स्थिर आकार होता. वीज घ्या वा न घ्या, तो द्यायचाच, आणि त्याचा काही भाग डॉलरशी बांधलेला. इंधन नाफ्था, म्हणजे तेलाचे भाव चढले की तोही खर्च वाढणार. समजा, स्थिर आकार १०० रुपये आहे. ५० युनिट घेतले तर युनिटमागे २ रुपये पडतात, २० च घेतले तर ५ रुपये. मंडळ म्हणणार, वीज महाग म्हणून घेत नाही. कंपनी म्हणणार, घेत नाही म्हणून महाग. नुसता दर छापला तर आकडा खरा, पण नोंद एकतर्फी. हिशेब मांडावा, आणि कोणाचं म्हणणं काय ते त्याच्या नावावर लिहावं.

मग निम्मी जागा कंपनीला, निम्मी विरोधकांना दिली की झाला न्याय? नाही. आपल्या सोनगीरच्या तांब्या-पितळेच्या दुकानात हंडा तराजूत घालतात. इकडे दोन भांडी, तिकडे दोन भांडी असा हिशेब नसतो. विकिपीडियाचा नियमही तसाच आहे. प्रत्येक मताला विश्वासार्ह, स्वतंत्र साधनांत जेवढं वजन, तेवढीच नोंदीत जागा. कंपनीची प्रेस नोट वजनाने हलकी, मोर्चातलं पत्रकही हलकंच. माधव गोडबोले समितीचा अहवाल जड. त्या समितीने वेगवेगळ्या सरकारांच्या चुकांवर बोट ठेवलं होतं, म्हणजे दोन्ही रूम-पार्टनर्सची पंचाईत!

कंपन्यांनाही ही जागा महत्त्वाची वाटते. पैसे घेऊन संपादन करणाऱ्याने तसं जाहीर करावं, असा नियम विकिपीडियाने २०१४ मध्ये केला. एएनआय या वृत्तसंस्थेने तर आपल्यावरच्या नोंदीतल्या मजकुराबद्दल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. त्या खटल्यावरचं पान काढून टाकण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला.

पण मला सर्वांत जास्त खटकतो तो वेगळाच पक्षपात. कंपनीकडे वकील, जाहिरात खातं, इंग्रजी कागदपत्रं असतात. वेलदूर, अंजनवेलच्या मच्छिमारांचं म्हणणं कुणीतरी छापलं तरच ते "साधन" ठरतं. तराजू प्रामाणिक असला, तरी जे पारड्यात पोचलंच नाही ते तो कसं मोजणार? ही उणीव भरून काढायला मराठी वर्तमानपत्रांची जुनी कात्रणं आणि ती वाचू शकणारे आपण लागतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे, आणि तिथे लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

असो. रात्री दीडला दोघांनी मिळून तिसरी नोंद लिहिली. ती दुप्पट लांब झाली आणि दोघांनाही पूर्ण पटली नाही! सेमिनारला मात्र सरांनी तीच वाचायला लावली. तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी असाइनमेंटसाठी एखाद्या कंपनीची नोंद कॉपी-पेस्ट करण्याआधी तीन प्रश्न विचारा: हे कोण म्हणतंय? कशाच्या आधारावर? आणि कोणाचं म्हणणं यात नाही?