वजनाचं ऑपरेशन : कुणाला कोणतं मानवतं?

संक्रांतीचं हळदीकुंकू म्हटलं, की तीळगुळाबरोबर कुणाचं वजन वाढलं नि कुणाचं उतरलं याचीही उजळणी व्हायचीच! धरमपेठेतल्या अशाच एका हळदीकुंकवाला एक बाई आत आल्या आणि सगळ्यांच्या माना वळल्या. वर्षापूर्वी ज्यांना जिना चढताना दोनदा टेकावं लागे, त्या तुरुतुरु चालत आल्या होत्या.

"काहून बाई, काय खाऊन राहिली तू आजकाल?" कुणीतरी विचारलं.

"खाऊन नाही, ऑपरेशन केलं ना मी! स्लीव्ह."

झालं! वाण बाजूला राहिलं आणि चर्चा रंगली. एकीच्या जावेच्या भावजयीनं स्लीव्हच केलं होतं, तर तिला रात्रभर घशाशी आंबट येतं म्हणे. दुसरी म्हणाली, "मग बायपासच बरं." तिसरीनं तर मनाशी ठरवूनच टाकलं. सीताबर्डीवर साडी पसंत करायलासुद्धा आपण यापेक्षा जास्त वेळ लावतो! आणि साडी निदान बदलून तरी मिळते. कापून काढलेलं जठर काही परत मिळत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, आज या विषयावर जरा निवांत बोलू या. 'सर्वांत चांगलं ऑपरेशन कोणतं?' हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. 'मला कोणकोणती दुखणी आहेत, आणि त्यांच्यासकट मला कोणतं मानवेल?' असा तो विचारायला हवा.

हे ऑपरेशन कुणासाठी?

आपल्या नागपूरकरांना या ऑपरेशनची ओळख झाली ती बहुधा २०११ साली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात नितीन गडकरींनी मुंबईत ते करून घेतलं आणि वर्तमानपत्रांतून त्याची बातमी घरोघर पोचली. ऑपरेशनामागं वजनाइतकाच मधुमेहही होता. ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा. लग्नसमारंभात बारीक दिसावं यासाठी हे ऑपरेशन नाही. वजनामुळे जडलेल्या आजारांवरचा तो इलाज आहे.

आपण त्यात बसतो का, हे घरच्या घरी काढता येतं. आपली उंची मीटरमध्ये घ्या, तिला तिनंच गुणा आणि त्या आकड्यानं किलोतल्या वजनाला भागा. समजा, तुमची उंची १५० सेंटिमीटर, म्हणजे दीड मीटर. दीड गुणिले दीड म्हणजे सव्वादोन. वजन ८० किलो असेल तर उत्तर येतं ३५.६. यालाच डॉक्टर 'बीएमआय' म्हणतात.

आपल्याकडे चरबी पोटाभोवती साठते आणि मधुमेह कमी वजनातही गाठतो. त्यामुळे भारतीयांसाठी मर्यादा खाली ठेवलेली आहे. बीएमआय ३७.५ च्या वर असेल तर, किंवा ३२.५ च्या वर असून मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं असा आजार सोबत असेल तर ऑपरेशन सुचवावं, असं आपल्याकडचे सर्जन बरीच वर्षं मानत आले. २०२२ मध्ये दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी ही रेषा आणखी खाली आणली. आशियाई माणसांसाठी २७.५ पासून विचार करता येईल, असं त्या म्हणतात. 'विचार करता येईल' आणि 'करावंच' यांत मात्र फरक आहे, बरं का!

विम्याचा हिशेब आणखी वेगळा. विमा नियामक संस्थेच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त, अथवा ३५ आणि सोबत हृदयविकार किंवा काबूत न येणारा मधुमेह यांसारखा गंभीर आजार, असा दाखला लागतो. खर्च काही लाखांचा असतो. तेव्हा तारीख घेण्याआधी विमा कंपनीचं उत्तर लेखी मागून घ्या.

तीन ऑपरेशनं, तीन तऱ्हा

या प्रकाराची सुरुवात झाली अमेरिकेत, १९६६ साली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेले रोगी पुढे बारीकच राहतात, हे डॉ. एडवर्ड मेसन यांच्या ध्यानात आलं आणि त्यातून बायपास जन्माला आलं. आता ही ऑपरेशनं दुर्बिणीतून, पोटाला चार-पाच छोटी छिद्रं पाडून होतात.

पहिलं स्लीव्ह. स्लीव्ह म्हणजे बाही. जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि ब्लाउजच्या बाहीसारखी लांबट नळी ठेवतात. एरवी तांब्याभर मावणाऱ्या जठरात मग चहाच्या लहान कपाएवढंच मावतं. भूक चाळवणारं 'घ्रेलिन' नावाचं संप्रेरक बरंचसं त्या काढलेल्या भागातच तयार होतं, त्यामुळे भूकही मंदावते. आतड्याला हात लावत नाहीत, म्हणून ऑपरेशन त्यातल्या त्यात सुटसुटीत. जगात आज सर्वांत जास्त होतं ते हेच.

दुसरं बायपास. गावातली गर्दी टाळायला गाड्या बाहेरच्या रस्त्यानं नेतात ना, तसंच. जठराच्या वरच्या टोकाला दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडं थेट तिला जोडतात. अन्न उरलेलं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जातं. खाणं कमी होतंच, शिवाय संप्रेरकांची घडी बदलून साखरही उतरू लागते.

तिसरं मिनी बायपास. १९९७ साली अमेरिकेतल्या डॉ. रॉबर्ट रुटलेज यांनी ते सुरू केलं. त्यात दोनऐवजी एकच जोड असतो आणि बहुधा दीड ते दोन मीटर आतडं वगळलं जातं. आपल्या देशात ते बरंच होतं. वजन आणि साखर दोन्हींवर गुण चांगला. पण काही जणींना पित्त उलटं वर येण्याचा त्रास होतो. आणि आतडं जितकं जास्त वगळाल तितकी प्रथिनं आणि लोह कमी पडण्याची भीती जास्त. शुद्ध शाकाहारी बाईनं 'माझं किती आतडं वगळणार?' हे विचारूनच घ्यावं.

आता आपली दुखणी पुढे मांडा

*छातीत जळजळ, घशाशी आंबट :* हळदीकुंकवातल्या त्या जावेच्या भावजयीचं इथंच चुकलं असेल. स्वित्झर्लंडमध्ये २१७ रोग्यांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी दोन्ही गटांचं वजन जवळपास सारखंच उतरलेलं होतं. पण आधीपासून जळजळ असलेल्यांपैकी बायपासनंतर शंभरात ६० जणांची जळजळ गेली, स्लीव्हनंतर फक्त २५ जणांची. उलट स्लीव्हनंतर ३२ जणांची वाढली, बायपासनंतर ६ जणांची. रोज जळजळीची गोळी घेत असाल तर डॉक्टरांना हे आधी सांगा, आणि दुर्बिणीनं जठर तपासल्याशिवाय स्लीव्हला होकार देऊ नका.

*मधुमेह :* अमेरिकेत मधुमेही रोग्यांचे तीन गट पाडून पाच वर्षं पाहिलं. तीन महिन्यांच्या सरासरीची साखर ६ किंवा त्याखाली राखणारे बायपासच्या गटात शंभरात २९ निघाले, स्लीव्हच्या गटात २३ आणि नुसत्या औषधांवर ५. म्हणजे बायपासचं पारडं थोडं जड. पण आकडा पुन्हा वाचा. शंभरात २९, शंभर नव्हे! मधुमेह जितका जुना तितका गुण कमी. 'साखर कायमची गेली' असं वचन कुणी देत असेल तर तिथून उठावं हे उत्तम.

*गुडघे :* आपल्यापैकी कितीतरी जणी गुडघ्यांसाठी रोज वेदनाशामक गोळी घेतात. बायपासनंतर अशा बहुतेक गोळ्या वर्ज्य, कारण जोडाच्या जागी अल्सर होतो. संधिवातासाठी त्या गोळ्यांवाचून चालणारच नसेल, तर स्लीव्ह बरं. तंबाखूचंही तेच. खर्रा काय फक्त पुरुषच खातात? मिशरी लावणारी, तपकीर ओढणारी बाई घरोघरी सापडेल. ते डॉक्टरांपासून लपवू नका.

*रक्त कमी असणं :* २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभरातल्या ५७ स्त्रियांचं रक्त कमी आढळलं. बायपासमध्ये नेमकी लोह शोषून घेणारी आतड्याची जागाच टाळली जाते. पाळीला जास्त जात असेल, हिमोग्लोबिन नऊ-दहावर अडकलं असेल, तर आधी त्याचा इलाज आणि मग ऑपरेशनचा विचार.

*अजून मूल हवं असणं :* वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवसही चटकन राहतात. पण पहिलं वर्ष-दीड वर्ष दिवस राहू देऊ नयेत, कारण आईलाच पुरत नाही तर बाळाला काय मिळणार? बायपासनंतर पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांचा भरवसा नसतो. कॉपर-टीबद्दल आधीच विचारून ठेवा.

आणि ते फुगे, पट्ट्या, इंजेक्शनं?

जठराला पट्टा बांधण्याचं ऑपरेशन एके काळी फार गाजलं. पट्टा सरकतो, रुततो, काढावा लागतो, म्हणून आता ते मागं पडलं आहे. जठरात फुगा ठेवतात तो बहुधा सहा महिन्यांसाठी. फुगा निघाला की वजन परतण्याचा संभव मोठा. वजनाची नवी इंजेक्शनं २०२५ पासून आपल्याकडे मिळू लागली. वजन बरंच उतरतं, पण इंजेक्शन थांबवलं की ते पुन्हा चढू लागतं. ऑपरेशनच्या काठावर असलेल्या बाईनं त्यांच्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं. मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून दुकानातून आणू मात्र नयेत.

घरी आल्यावर

खरी परीक्षा इथं सुरू होते. पहिले साधारण दोन आठवडे पातळ पदार्थ, मग मऊ, आणि महिना-दीड महिन्यानं नेहमीचं जेवण. तेही वाटीभर, एकेक घास वीस-पंचवीस वेळा चावून. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासानं घोट घोट. बायपासवालीनं संत्राबर्फीचे दोन तुकडे खाल्ले तर घाम फुटून छाती धडधडू शकते.

दिवसाला ६० ग्रॅम तरी प्रथिनं पोटात जायला हवीत. एका अंड्यात सहा, वाटीभर वरणात साधारण तेवढीच, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. म्हणजे पानात आधी पनीर, अंडं, उसळ आणि भात-पोळी शेवटी. आपल्या नेहमीच्या पानाच्या अगदी उलट! जीवनसत्त्वं, लोह, कॅल्शियम, बी-१२ यांच्या गोळ्या जन्मभर. लोह आणि कॅल्शियम एका वेळी घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. आणि लोहाची गोळी चहाबरोबर तर नकोच.

उपवासाचं काय? हरतालिकेचा निर्जळी उपवास आता देवाला हात जोडून सोडायचा. पाणी आणि प्रथिनं चुकली की चक्कर, केस गळणं, अशक्तपणा ठरलेला. भराभर वजन उतरताना पित्ताशयात खडेही होतात, म्हणून पोटात दुखलं तर अंगावर काढू नका.

आणखी एक जागा आहे, जिथं कोणतंच ऑपरेशन पोचत नाही. सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यात उरलेला गोळाभात, लेकाच्या ताटातली अर्धी पोळी 'टाकवत नाही' म्हणून कोण खातं? आपणच! जठर लहान झालं तरी ही सवय लहान होत नाही. थोडं थोडं करून दिवसभर खाल्लं, तर स्लीव्ह काय नि बायपास काय, वजन काही वर्षांनी परत येतं. तेव्हा घरच्यांना आधीच सांगून ठेवा की तुम्ही वेळेवर, सगळ्यांबरोबर जेवणार आणि उरलेलं फ्रिजमध्ये जाणार.

कागदावर लिहून न्या

धंतोली-रामदासपेठेत डॉक्टरांची काही वाण नाही. एकाला विचारून थांबू नका, दुसऱ्याचंही मत घ्या. जाताना हे प्रश्न लिहून न्या. माझ्यासाठी हेच ऑपरेशन का, दुसरं का नको? तुम्ही अशी किती केलीत? जोड गळला, रक्तस्राव झाला तर रात्री-बेरात्री कोण बघणार? आहारतज्ज्ञ किती दिवस सोबत राहणार? पाच वर्षांनंतरही तपासणीला कुठं यायचं? अनुभवी हातांत धोका पित्ताशयाच्या ऑपरेशनइतपतच असतो असं सांगतात. पण धोका नाहीच, असं सांगणाऱ्यापासून जपून राहा.

शेवटी मनातलं बोलते. नवऱ्यानं टोमणा मारला किंवा जाऊबाई बारीक झाल्या म्हणून ऑपरेशन करू नका. पण डॉक्टरांनी गरज सांगितली असताना 'माझ्या एकटीवर एवढा खर्च कशाला?' म्हणून ते टाळूही नका. मुलाच्या गाडीसाठी कर्ज निघतं, मग आईच्या गुडघ्यांसाठी, तिच्या साखरेसाठी का निघू नये? दुखण्यांची यादी करा, तपासण्या करा, दोन डॉक्टरांशी बोला. मग स्लीव्ह की बायपास, हे पुढच्या हळदीकुंकवात कुणाला विचारायची वेळच येणार नाही. उलट, तुम्हीच चार जणींना नीट समजावून सांगाल!