पित्ताशय काढल्यानंतर मधुमेह्याचे ताट
यकृतात दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार होते. त्यातील काही पित्ताशयात साठून घट्ट होते आणि स्निग्ध अन्न आतड्यात उतरले की कोलेसिस्टोकायनिन या संप्रेरकाच्या, म्हणजे रक्तातून फिरणाऱ्या रासायनिक निरोप्याच्या, इशाऱ्यावर एकदम सोडले जाते. पित्ताशय काढल्यावर पित्त सतत ठिबकत राहते, त्यामुळे एकाच वेळी झालेल्या तेलकट जेवणाला ते पुरेलच असे नाही.

म्हणून सुरुवातीचे काही आठवडे हलके खाण्याचा सल्ला मिळतो, आणि मुळशीसारख्या भातपट्ट्यात हलके म्हणजे मऊ भात किंवा पेज असेच धरले जाते. मधुमेह्याची अडचण नेमकी येथे आहे: तूप-तेलाची जागा आंबेमोहोराच्या मऊ, चिकट भाताने घेतली की रक्तातील साखर झपाट्याने चढते. त्यापेक्षा भाताची लहानशी मूद, घट्ट मुगाचे वरण, शिजवलेली भेंडी आणि साय काढलेले ताक हे ताट बरे. कारण डाळीतील प्रथिने आणि विद्राव्य तंतू, म्हणजे पाण्यात विरघळून बुळबुळीत होणारा चोथा, साखरेचे शोषण मंद करतात, तर हेच तंतू सतत ठिबकणाऱ्या पित्तातील जुलाब घडवणारी आम्लेही काहीशी धरून ठेवतात. तंतू मात्र हळूहळू वाढवावेत, नाहीतर पोट फुगते.

जड जेवण टाळून थोडे थोडे खाण्यातही एक मेख आहे: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता जेवण घटवले आणि मात्रा तीच ठेवली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. जुलाब लांबले तरी दोष पित्ताचाच असतो असे नाही; मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीनेही ते होतात, आणि दोहोंवरचे उपाय वेगळे आहेत.