अतिसंवाहकातला एकदिशा मार्ग

आपल्या मोबाइलचा चार्जर आठवा. त्यातला डायोड वीज एकाच दिशेनं जाऊ देतो, पण थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपात खातोच. मग जाऊ द्यायच्या दिशेला काहीच न खाणारा डायोड करता येईल का?

अतिसंवाहकात रोध नाहीसा होतो, हे 1911 साली कामरलिंग ओन्स यांना पाऱ्यात दिसलं. पण तिथंही मर्यादा असते. प्रवाह एका कमाल मूल्यापुढे गेला की रोध परत येतो. एरवी ही मर्यादा दोन्ही दिशांना सारखी. समजा, ती उजवीकडे 10 मायक्रोअँपिअर आणि डावीकडे 8 झाली. आता 9 मायक्रोअँपिअर सोडा: उजवीकडे विनारोध, डावीकडे रोध. झाला डायोड!

2022 साली जर्मनीत, हाले इथल्या माक्स प्लांक संस्थेतल्या स्टुअर्ट पार्किन यांच्या गटानं असा डायोड निकेल टेल्युराइड या टोपोलॉजिकल अर्धधातूत दाखवला. दोन्ही बाजूंना निओबियमचे अतिसंवाहक, मध्ये हा अर्धधातू. तापमान अर्थात उणे 269 अंश सेल्सिअसच्याही खाली.

हे घडतं कसं? अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीनं जातात आणि एरवी जोडीतल्या दोघांचे संवेग एकमेकांना रद्द करतात. या पदार्थाच्या पृष्ठभागावर मात्र इलेक्ट्रॉनची फिरकी त्याच्या दिशेशी बांधलेली असते. तिथं पृष्ठभागाला समांतर पण प्रवाहाला आडवं चुंबकीय क्षेत्र लावलं, की जोडीत थोडा संवेग शिल्लक उरतो. जोडी आधीच एका बाजूला झुकलेली, म्हणून दोन दिशांच्या मर्यादा वेगळ्या.

पण थांबा. नुसता डायोड दिसला म्हणजे हेच कारण, असं म्हणता येत नाही. नमुन्याच्या कडा असमान असल्या किंवा प्रवाहाचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आड आलं, तरी असा फरक दिसू शकतो. म्हणून क्षेत्राची दिशा आणि जोर बदलून पाहावा लागतो. इथं क्षेत्र वाढवत नेलं तेव्हा डायोडची दिशाच उलटली, तीही एकदा नव्हे, अनेकदा. झुकलेल्या जोड्यांचं गणित नेमकं हेच सांगतं.

म्हणजे हा डायोड नुसतं उपकरण नाही. जोडीचा डोळ्यांना न दिसणारा संवेग ओळखायची ती एक खूण आहे.