विमान काळं का येतं?

रत्नागिरीच्या आकाशातलं विमान टिपायचं तर घड्याळ बघून बाहेर पडावं. आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावरून समुद्राकडे कॅमेरा धरला, तर सूर्य पाठीशी असतो. विमानाचा रंग, खिडक्या, शेपटीवरची अक्षरं, सगळं स्वच्छ येतं. संध्याकाळी त्याच जागी सूर्य समोर येतो आणि तेच विमान काळा ठिपका होऊन बसतं.

माझा फोटो स्टुडिओ लग्नांवर चालतो. विमानं ही हौस. दुकानात पोरं मोबाइल पुढे करून विचारतात, "काका, विमान काळं का आलं?"

त्याचं उत्तर असं. समोर विमान आहे की नारळाचं झाड, हे कॅमेऱ्याच्या मीटरला ठाऊक नसतं. तो चौकटीतला उजेड मोजतो आणि एकूण चित्र मध्यम करड्या छटेवर आणू पाहतो. चौकटभर झगझगीत आकाश असलं की त्याला उजेड जास्त वाटतो, आणि तो सगळंच गडद करून टाकतो. विमानाची आपल्याकडची बाजू आधीच सावलीत असते. ती पार काळीठिक्कर पडते.

उपाय सोपा आहे. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन प्लस एकवर न्या. म्हणजे सेन्सरला दुप्पट उजेड मिळतो. ऊन फारच समोर असेल तर प्लस दोन. मोबाइलवर विमानावर बोट टेकवा आणि उजेडाची पट्टी वर सरकवा. आकाश पांढरं पडेल, ते सोसावं लागतं. रॉ फाइल घेतली असेल तर सावलीतले तपशील नंतर बरेच वर काढता येतात. लेन्सला हूड लावा, नाहीतर तिरप्या उन्हाने फोटो धुरकट होतो. फ्लॅशचा काही उपयोग नाही; एवढ्या लांब तो पोचतच नाही.

रत्नागिरीत तटरक्षक दलाचं हवाई स्थानक आहे. दलाच्या ताफ्यातलं डॉर्नियर २२८ हे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कानपूर कारखान्यात बनलेलं, दोन पंख्यांचं विमान. त्याचे पंख धडाच्या वरच्या बाजूला असतात, त्यामुळे भर दुपारी पंखाची सावली धडावरच पडते. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तर सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. तेव्हा कुठेही उभे राहा, विमानाचं पोट अंधारातच. डिसेंबरात मात्र सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. विमानाच्या वाटेच्या दक्षिणेला उभं राहून उत्तरेकडे बघितलं, तर दुपारीही चांगला उजेड मिळतो.

समोरचं ऊन दर वेळी टाळायलाच हवं असंही नाही. संध्याकाळी थिबा पॉइंटवरून मी मुद्दाम आकाशावर मीटर लावतो आणि विमान काळंच ठेवतो. अशा छायाकृतीत रंग उरत नाही, बाह्यरेषाच बोलते. म्हणून विमान वळताना, दोन्ही पंख वेगळे दिसतील त्या क्षणी बटण दाबावं. सरळ बाजूने दिसणाऱ्या विमानाचे पंख धडात मिसळून जातात.

सरावाला विमानच हवं असं नाही. मिरकरवाडा बंदरावर मासळीभोवती घिरट्या घालणाऱ्या घारी याच कामाच्या. एकच घार एका फेरीत उन्हाकडून सावलीकडे येते. कॉम्पेन्सेशन बदलायची बोटांना सवय लागते.

दोन पथ्यं मात्र कडक पाळा. विमानतळाचं कुंपण, धावपट्टी, तिथला परिसर यांचे फोटो काढू नका. ते संरक्षणाचं ठिकाण आहे. आणि ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे कधीच बघू नका. लांब लेन्सने डोळा कायमचा जाऊ शकतो.

नवी लेन्स घ्यायच्या आधी एवढं करा. सकाळी आठला भाट्याच्या किनाऱ्यावरून समुद्रातल्या होडीचा एक फोटो काढा, संध्याकाळी पाचला त्याच जागेवरून दुसरा. दोन्ही शेजारी ठेवून बघा आणि मगच पैसे कशावर घालायचे ते ठरवा.