शुद्धोधन, मायादेवी, यशोधरा : कपिलवस्तूच्या गाउँपालिका

लुंबिनीच्या धम्मयात्रेस जाणारे आपले उपासक-उपासिका तिलौराकोटचे प्राचीन अवशेष पाहण्यासाठी पुढे नेपाळच्या कपिलवस्तु जिल्ह्यात जातात. या जिल्ह्यात शुद्धोधन (आपण शुद्धोदन लिहितो), मायादेवी व यशोधरा या नावांच्या तीन गाउँपालिका आहेत. तथागतांच्या माता-पित्याची आणि पत्नीची नावे वाचून येथे सर्व वस्ती बौद्धांचीच असावी, असे आपल्याला वाटते. तसे नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्यात बौद्ध शंभरात एखादाच होता, तर मुस्लिम सुमारे १८ टक्के होते. याशिवाय थारू, यादव, कुर्मी, ब्राह्मण आणि चमार आदी दलित जाती येथे राहतात. बहुतेकांची बोली अवधी.

गाउँपालिका म्हणजे आपली ग्रामपंचायत नव्हे. अनेक जुन्या गाव विकास समित्या एकत्र करून २०१७ साली ती निर्माण झाली. ती स्वतः कर बसवते, आणि लहानसहान तंटे उपाध्यक्षांच्या अध्यक्षतेखालील न्यायिक समितीपुढे येतात. करावरून आठवले : लुंबिनीच्या स्तंभावर सम्राट अशोकाने त्या गावाचा 'बली' माफ केल्याची आणि उत्पन्नाचा केवळ आठवा हिस्सा ठरविल्याची नोंद कोरली आहे. आम्हा बँकवाल्यांना ती ओळ वाचल्यावर विशेष आनंद होतो!

थारू हे तराईचे जुने रहिवासी. हिवतापाच्या जंगलात तेच टिकले. हिवताप आटोक्यात आल्यावर, म्हणजे १९५० नंतरच्या दशकांत, डोंगराळ भागातील लोक जमिनीसाठी खाली उतरले. पहाडी आणि मधेशी हा तणाव तेव्हापासूनचा. सप्टेंबर २००७ मध्ये याच जिल्ह्यात त्याचा भडका उडाला. अनेकांचे प्राण गेले, हजारो लोक घरदार सोडून पळाले. बुद्धाच्या भूमीत हे घडले, हे आपण यात्रेकरूंनी विसरू नये.

त्याही आधीची जखम कायद्याची आहे. जंगबहादूर राणाच्या १८५४ च्या मुलुकी ऐनने सर्व जातींची उतरंड लिहून काढली. थारूंना गुलाम करता येईल अशा वर्गात टाकले, मुस्लिमांच्या हातचे पाणी वर्ज्य ठरविले, आणि दलितांचा तर स्पर्शही. १९६३ साली नवा ऐन आला, तेव्हा कायद्यातील ही उतरंड गेली. गावच्या विहिरीवरची मात्र कायद्याबरोबर गेली नाही. अखेर २०११ मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

म्हणूनच आजच्या व्यवस्थेतील एक तरतूद मला नावांपेक्षा मोलाची वाटते. प्रत्येक प्रभागात अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. त्यांपैकी दोन महिला, आणि त्यांतील एक दलित महिलाच असली पाहिजे. देशात प्रभाग ६,७४३. वीस वर्षांनी झालेल्या २०१७ च्या स्थानिक निवडणुकीत साडेसहा हजारांवर दलित स्त्रिया निवडून आल्या. काही प्रभागांत मात्र उमेदवारच मिळाली नाही, आणि ती खुर्ची रिकामी राहिली.